बंद पडलेली डिस्क आणि प्रेसवरचा माणूस

हे लिहायचं की नाही, यात माझे सात-आठ महिने गेले. या ग्रुपवरचे अनुभव मी नेहमी वाचते, पण खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. आम्ही बौद्ध. संत तुकाराम नगरमधल्या आमच्या घरात अंगारे-धुपारे, नजर काढणं, बाहेरचं काही... यातलं कधीच काही नव्हतं. बाबा पिंपरीतल्या एका कंपनीत तीस वर्षं फिटर होते. लहानपणी लाइट गेले आणि मी घाबरले, की ते म्हणायचे, "फ्यूज उडालाय का वायर तुटलीय, एवढाच प्रश्न आहे. चल, बघू." आणि खरंच मला बरोबर घेऊन बघायचे. त्यात मी वाढले. पुढे कॉम्प्युटरच्या क्षेत्रात आले, तिथे तर प्रत्येक गोष्टीला कारण असतंच — सापडायला वेळ लागतो, एवढंच.

चाकण एमआयडीसीत गाड्यांचे पत्र्याचे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी सिस्टिम अ‍ॅडमिन होते. कंपनीचं नाव सांगणार नाही. कॅन्टीनच्या वरच्या मजल्यावर सर्व्हर रूम, एक जुना सर्व्हर, एक त्याहून जुना, आणि ते सांभाळणारी मी एकटी.

मागच्या उन्हाळ्यात, एका शनिवारी पहिल्या शिफ्टला प्रेस शॉपमध्ये अपघात झाला. पत्रा दाबून आकार देणाऱ्या अडीचशे टनाच्या प्रेसमध्ये एका ऑपरेटरचा उजवा हात सापडला. बालाजी त्याचं नाव, लातूरकडचा, कॉन्ट्रॅक्टवर होता. वय असेल पस्तीस-छत्तीस. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. सहाशे माणसं कामाला, मी वरच्या मजल्यावर... कोण कुठल्या मशीनवर आहे मला कुठून माहीत असणार?

अशा प्रेसच्या तोंडाशी सेन्सर बसवलेला असतो. हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबायला पाहिजे. ते थांबलं नाही. सोमवारपर्यंत कंपनीत एकच वाक्य फिरायला लागलं होतं — ऑपरेटरनेच सेन्सर बायपास केला, माल लवकर काढायच्या नादात. बालाजी बोलायच्या अवस्थेत नव्हता. खरं काय ते सांगू शकेल अशी एकच गोष्ट होती: प्रेसचा लॉग. सेन्सर कधी बंद झाला, कुणाच्या लॉगिनवरून झाला, सगळं सेकंदासकट त्यात नोंदलं जायचं. तो लॉग माझ्या सर्व्हरवरच्या एका व्हर्च्युअल मशीनमध्ये होता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी — व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या सर्व्हरच्या पोटात चालणारा जणू वेगळा कॉम्प्युटर. त्याची अख्खी हार्डडिस्क म्हणजे प्रत्यक्षात एक मोठी फाइल असते. ती फाइल गेली की तो कॉम्प्युटरच गेला.

सोमवारी सकाळी मी पहिलं काम काय केलं, तर ते मशीन बंद करून ठेवलं. कुणी लॉगमध्ये हात घालू नये म्हणून. शुक्रवारी सरकारी कारखाना निरीक्षक येणार होते, त्यांच्यासमोरच चालू करायचं असं मी ठरवलं.

मंगळवारी दुपारी गेटवरून फोन आला की एक बाई भेटायला आल्यात. खाली गेले. बालाजीची बायको, सुरेखा. हॉस्पिटलमधून थेट आली होती, हातात जेवणाचा रिकामा डबा तसाच. प्रेस शॉपमधल्या कुणीतरी तिला माझं नाव सांगितलं होतं.

"ताई, त्या कॉम्प्युटरात समदं राहतंय म्हणं. खरंय का?"

मी म्हटलं, "खरंय."

"मग ह्यांनी काई केलेलं नसंल तर ते पण दिसंल?"

"दिसेल. तुम्ही काळजी करू नका. मी जपून ठेवलंय, माझ्या ताब्यात आहे."

हे मी बोलले. माझ्या तोंडाने. तिने दोन्ही हातांनी माझा हात धरला आणि निघून गेली.

बुधवारी सकाळी साडेदहाला सर्व्हरची जागा भरली. डिस्पॅचची लेबलं छापणं थांबलं, गेटवर ट्रक उभे राहिले, प्लँट हेड स्वतः वर येऊन माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. "दोन मिनिटांत चालू पाहिजे," एवढंच म्हणाले. मी सर्व्हरवरचे फोल्डर उघडले. 'टेस्ट-२' नावाचा एक मोठा फोल्डर दिसला. आत जे काही होतं ते बंद होतं, वापरात नव्हतं. डिलीट केला. जागा झाली, लेबलं सुरू झाली, साहेब खाली गेले.

दहा एक मिनिटांनी मला आठवलं.

प्रेसचा लॉग सुरुवातीला एका कंत्राटदाराने टेस्ट म्हणून बसवला होता. नंतर त्या मशीनचं नाव बदललं, पण डिस्कवरच्या फोल्डरला जुनंच नाव राहिलं. यादीत 'प्रेस लॉग', फोल्डर मात्र 'टेस्ट-२'. मशीन चालू असतं तर सर्व्हरने फाइल डिलीटच होऊ दिली नसती. पण ते मी बंद केलं होतं... जपायला म्हणून. बॅकअपच्या यादीतही ते कधी घातलं गेलं नव्हतं. तीन वेळा यादी वाचली. नव्हतंच.

डिलीट झालेली फाइल लगेच पुसली जात नाही. तिची जागा फक्त मोकळी आहे असं लिहिलं जातं, आणि नवीन काही त्या जागेवर लिहिलं गेलं की मग ती कायमची जाते. म्हणजे सर्व्हर ताबडतोब थांबवायला हवा होता. मी धावत साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि काय झालं ते सांगितलं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "सर्व्हर संध्याकाळपर्यंत थांबणार नाही. माल जायचाय."

"सर, प्रत्येक मिनिटाला त्याच्यावर नवीन डेटा लिहिला जातोय. फक्त तासभर द्या."

"मनीषा," ते म्हणाले, आणि आवाज एकदम मऊ झाला, "चूक माणसाकडूनच होते. तुला कोणी काही बोलणार नाही. मी आहे ना. गेलं ते गेलं."

तिथे उभ्या उभ्या मला कळलं की ह्यांना बरंच वाटतंय. आणि हेही कळलं, की उद्या कुणालाही विचारा — अपघातानंतर चार दिवसांत लॉग उडाला, उडवला कुणी, तर मॅडमनी. माझी चूक होती यावर कोण विश्वास ठेवणार? मी पण ठेवला नसता.

बुधवारी दुसरी शिफ्ट नसते; संध्याकाळी प्लँट बंद झाला, तेव्हा कुठे नवीन डेटा लिहिला जायचा थांबला. गुरुवारी आमची साप्ताहिक सुट्टी. घरी आले, जेवण गेलं नाही. बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी बॅकअपचं विचारलं. मग म्हणाले, "उद्या प्रयत्न कर. नाहीच जमलं तर निरीक्षकाला सांग, माझ्या हातून झालं. पण त्या बाईला आधी सांग. तिला दुसऱ्याकडून कळू देऊ नको."

निरीक्षकाला मी सांगू शकले असते. तिला... ते माझ्याच्याने होणार नव्हतं.

गुरुवारी सकाळी आठलाच मी कंपनीत पोचले. गेटवर गाडे मामा होते, तिथल्याच गावचे, जुने सिक्युरिटी गार्ड. अख्ख्या प्लँटमध्ये आम्ही दोघंच. मी सर्व्हर बंद केला, त्याची डिस्क काढून माझ्या वेगळ्या कॉम्प्युटरला लावली आणि रिकव्हरीचं सॉफ्टवेअर सुरू केलं. रहाटणीत अस्लमभाईंचं डेटा रिकव्हरीचं दुकान आहे, बारा-तेरा वर्षांची ओळख. ते फोनवर होते. दीड तासाने एक फाइल सापडली. उघडली तर पाच-सात ओळी. डिस्क किती मोठी, कुठल्या प्रकारची, एवढीच माहिती. डब्यावरचं लेबल मिळालं होतं, डबा नाही. मूळ फाइलच्या जागेवर बुधवारची डिस्पॅचची लेबलं बसली होती, ओळीने, ट्रक नंबरांसकट.

"ताई, वरून लिहिलं गेलं असेल तर मी काय, कोणीच काही करू शकत नाही," अस्लमभाई म्हणाले. "दुसरी कॉपी नाही का कुठे?"

एक होती. म्हणजे असायला हवी होती. आमच्या सर्व्हरमध्ये दोन डिस्क जोडीने चालायच्या, दोन्हींवर तंतोतंत तेच. त्यातली एक रविवारी बंद पडली होती आणि सोमवारी सर्व्हर कंपनीच्या इंजिनिअरने ती बदलून दिली. जुनी भंगाराच्या खोक्यात पडली होती. तिच्यावर शनिवारपर्यंतचं सगळं होतं. पण ती मेलेली होती. सकाळपासून मी तीनदा लावून बघितली होती. करंट दिला की आत एक 'टक' व्हायचं, मग परत 'टक', आणि पुढे काही नाही. अस्लमभाईंना फोनवरून तो आवाज ऐकवला. ते म्हणाले, "आतलं डेटा वाचणारं हेड गेलंय. आता लावू नका, ठेवून द्या."

फोन ठेवला. साडेअकरा वाजायला आले होते. खाली सगळी मशीनं बंद, अशी शांतता मी त्या जागेत कधी ऐकली नव्हती. वर फक्त एसी आणि दुसऱ्या सर्व्हरचे पंखे. मी खाली फरशीवर बसले आणि रडायला लागले. ऑफिसमध्ये मी कधी रडत नाही. त्या दिवशी आवाज काढून रडले. सुरेखाला कोणत्या शब्दांत सांगायचं, याची वाक्यं मनात जुळवत होते आणि एकही पुरं होत नव्हतं.

"काय करायलात ताई?"

मी वळून पाहिलं. दाराशी एक माणूस उभा होता. कंपनीचा राखाडी युनिफॉर्म, सावळा, बारीक अंगाचा, दाढी दोन-तीन दिवसांची. मला वाटलं मेंटेनन्सचा कोणी असेल, सुट्टीच्या दिवशी येतात कधीकधी. लाज वाटली. डोळे पुसत उठले.

"काही नाही. तुम्ही कुठले?"

"प्रेसवरचा."

"आज सुट्टी आहे ना?"

तो आत आला, इकडेतिकडे बघितलं. "लई गार हाय हितं," म्हणाला. मग टेबलावर ठेवलेली ती बंद डिस्क त्याने उचलली. दोन्ही हातांनी. कुणी लहान पक्षी धरावा तशी ओंजळीत धरली आणि कानाशी नेली.

मी म्हटलं, "ती खराब आहे. नका हात लावू."

"चालती की," तो म्हणाला. "लावून बघा."

"तीनदा बघितलं मी."

"आजूक एकदा बघा."

त्याने ती माझ्या हातात दिली. बाहेरून आलेल्या माणसाच्या हातातली वस्तू जरा कोमट लागावी ना... ती बर्फासारखी गार होती. मी का ऐकलं, माहीत नाही. दुसरं काही करण्यासारखं उरलंच नव्हतं, हे खरं कारण असेल. वायर लावल्या, करंट दिला. 'टक' झालं नाही. बारीक घुंऽऽ असा आवाज आला, वाढत गेला, आणि स्थिर झाला. स्क्रीनवर डिस्क दिसायला लागली. तिच्यावर 'टेस्ट-२' फोल्डर. त्यात माझी फाइल. चाळीस जीबी.

घाईत कॉपीची कमांड दोनदा चुकली. तिसऱ्यांदा सुरू झाली. मी आकड्यांवरून डोळे काढले नाहीत. दोन टक्के, तीन टक्के... तो मागे स्टुलावर बसला होता. मी न वळताच म्हटलं, "अहो, चालू झाली."

"होऊ द्या सावकाश," तो म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. चौदा-पंधरा मिनिटं लागली असतील. शंभर टक्के झालं, मी फाइल दुसऱ्या दोन ठिकाणी टाकली, उघडून पाहिली. उघडली. शनिवारच्या नोंदी होत्या. शुक्रवारच्या दुसऱ्या शिफ्टला सुपरवायझरच्या लॉगिनवरून सेन्सर बायपास केलेला होता, बालाजी कामावर यायच्या कितीतरी तास आधी. मी मोठ्याने ते वाचलं आणि मागे वळले.

स्टूल रिकामं होतं. त्याच वेळी डिस्कचा आवाज उतरत गेला आणि थांबला.

तेव्हा मला भीती वगैरे काही वाटली नाही. मनात आलं, गेला असेल खाली. त्याचे आभार मानायचे म्हणून जिना उतरून गेटपर्यंत गेले. गाडे मामांना विचारलं, आत्ता प्रेसवरचा माणूस बाहेर गेला का?

"कोण माणूस? आज कोणी आलं न्हाई म्याडम."

"मामा, आता वर माझ्याशी बोलला तो."

"गेट सकाळपासनं मी सोडलेलं न्हाई. तुमी एकट्याच हाय आत." त्यांनी रजिस्टर माझ्यासमोर धरलं. त्या दिवसाच्या पानावर माझी एकच सही होती.

परत वर गेले, तेव्हा दाराशी पाय अडला. सर्व्हर रूमचं दार माझ्या बोटाच्या ठशाशिवाय बाहेरून उघडत नाही. दार आपोआप बंद होतं आणि सकाळी मी आत आल्यावर ते बंदच होतं. दाराच्या मशीनमध्ये नोंद बघितली. आठ वाजून काही मिनिटं, मी. त्यानंतर आत्ताची, मी. बस्स.

मग मात्र मी तिथे थांबले नाही. फाइलच्या कॉपी आणि ती डिस्क पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

शुक्रवारी निरीक्षकांना लॉग दिला. डिलीट माझ्या हातून झालं होतं आणि जुन्या डिस्कवरून परत मिळवलं, असं लेखी दिलं. प्लँट हेड माझ्याशी त्यानंतर एक शब्द बोलले नाहीत. शनिवारी ती डिस्क अस्लमभाईंकडे नेली, पूर्ण डिस्कची कॉपी काढून ठेवावी म्हणून. माणसाचं त्यांना काही सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांनी दुकानात बोलावलं. डिस्क उघडून ठेवली होती.

"ताई, तुम्ही यावरून फाइल काढली?"

"हो. परवा."

"हीच डिस्क?"

नंबर मी स्वतः ताडून पाहिला. तीच होती.

त्यांनी दिव्याखाली दाखवलं. आतल्या चकतीला हेड घट्ट चिकटलेलं होतं आणि वरच्या भागावर गोल चरा पडला होता, नखाला लागेल एवढा खोल. "ही फिरू शकत नाही. आणि फिरली तरी इथून काही वाचता येणार नाही. हे परवाचं नाही, ताई. बंद पडली तेव्हाचंच आहे." त्यांनी डिस्कचा नंबर परत एकदा वाचला. मग म्हणाले, "तुमची काहीतरी गफलत होतेय. दुसरी डिस्क असेल." दुसरी डिस्क नव्हती.

रविवारी हॉस्पिटलमध्ये गेले. सुरेखाला सांगायचं होतं की लॉग दिलाय. जनरल वॉर्डात खिडकीजवळची कॉट. मी लांबूनच पाहिलं आणि जागीच थांबले. तोच. तीच दाढी, तोच चेहरा. उजवा हात कोपरापर्यंत बँडेजमध्ये. तीन बोटं राहिली नव्हती. गुरुवारी त्याने दोन्ही हातांनी डिस्क उचलली होती... पाचही बोटं मी पाहिली होती.

सुरेखा म्हणाली, "गुरुवारी दुसरं आप्रेशन झालं. साडेधाला आत नेलं, दोन वाजता बाहेर आणलं. तवर मी बाकड्यावरनं उठले न्हाई."

मी लॉगचं सांगितलं. ती रडली. तो रडला नाही, छताकडे बघत राहिला. थोड्या वेळाने मीच विचारलं, गुरुवारचं काही आठवतंय का.

"भूल दिल्यावर काय आठवणार, ताई," तो म्हणाला. आवाज तोच होता. "लई गार वाटत होतं एवढं ध्यानात हाय. पंखे चालल्यासारखा मोठा आवाज. आन कुणी बाई रडत होती खाली बसून. मला वाटलं हीच हाय."

"मी कुठं आत होते," सुरेखा म्हणाली.

मी पाणी प्यायले आणि निघाले.

पुढे काय झालं ते थोडक्यात. बालाजीवरचा ठपका निघाला. त्याला आता कंपनीतच स्टोअरमध्ये पर्मनंट काम मिळालंय, डाव्या हाताने लिहायला शिकतोय. माझी नोकरी तीन महिन्यांत गेली, कारण वेगळंच दाखवलं. सध्या रावेतला एका छोट्या फर्ममध्ये आहे. ठीक आहे.

कारणं मी खूप शोधली. अपघाताच्या अहवालात बालाजीच्या आयकार्डचा फोटो होता आणि तो मेल मी सोमवारी उघडला होता. चेहरा तिथून डोक्यात बसला असेल. झोप नव्हती, पोटात अन्न नव्हतं, माणूस काहीही बघू शकतो. ऑपरेशनची खोली गार असते, तिथेही मशीनचे आवाज असतात आणि हॉस्पिटलात कोणी ना कोणी रडतच असतं. हे सगळं मी मान्य करते. पण चाळीस जीबीची फाइल माझ्याकडे आहे, आणि ती ज्या डिस्कवरून आली ती डिस्क फिरू शकत नाही. इथे कोणी स्टोरेजमधले जाणकार असतील तर त्यांनी जरूर सांगावं. चेष्टा केली तरी चालेल.

बाबांना सगळं सांगितलंय, एकही गोष्ट न वगळता. त्यांनी डिस्क हातात घेऊन चष्मा लावून तो चरा पाहिला, बोट फिरवून पाहिलं. म्हणाले, "मला हे पटत नाही. पण तू खोटं बोलत नाहीस, हेही मला माहीत आहे."